जेवणानंतर शुगर चढते? तीन मिनिटं भरभर, तीन मिनिटं सावकाश असं चालून बघा

उपाशीपोटीची शुगर ११० आणि जेवून दोन तासांनी २२०. असे रिपोर्ट आपल्याकडे घरोघरी सापडतात. सकाळचा आकडा बरा दिसला की दुसऱ्याकडे फारसं कुणी बघत नाही. खरं तर अनेकांच्या बाबतीत आधी बिघडते ती ही जेवणानंतरचीच शुगर, आणि तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, सातच्या आसपास असते तेव्हा त्या सरासरीत उपाशीपोटीच्या शुगरपेक्षा हिचाच वाटा मोठा असतो. जेवायला सुरुवात केल्यापासून एक ते दोन तासांत ती १८० च्या आत असावी, असं अमेरिकन डायबिटीस असोसिएशनचं बहुतेक प्रौढ रुग्णांसाठीचं उद्दिष्ट आहे.

आपलं ताट बघा. भारतात रोजच्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात. पोळी, वर भात, जोडीला बटाट्याची भाजी. उपवास असला तर साबुदाण्याची खिचडी, जी साध्या जेवणापेक्षाही शुगर जास्त चढवते. त्यात रात्री नऊला जेवायचं आणि साडेनऊला सोफ्यावर टेकायचं. ताटातला बदल करायलाच हवा, पण तो या लेखाचा विषय नाही. इथे बोलायचं आहे ते जेवून उठल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासाबद्दल. शतपावलीची सवय आपल्याकडे जुनी आहे आणि चांगलीही आहे. तिची वेळ नीट पाळली, ती थोडी लांबवली आणि तिच्यात भरभर-सावकाश अशा आळीपाळीच्या फेऱ्या घातल्या, तर जेवणानंतरच्या शुगरवर तिचा परिणाम ग्लुकोमीटरवर दिसण्याइतका होऊ शकतो.

स्नायू ग्लुकोज कसं घेतात

जेवणातलं ग्लुकोज रक्तात यायला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच सुरुवात होते. बहुतेकांची शुगर जेवायला बसल्यापासून एक ते दीड तासात सगळ्यात वर जाते. जेवण तेलातुपाचं असेल तर हा चढ उशिरा येतो आणि जास्त वेळ टिकतो. एवढं ग्लुकोज सामावून घेणारी शरीरातली सगळ्यात मोठी जागा म्हणजे स्नायू. इन्सुलिनचा निरोप पोहोचला की स्नायूच्या पेशीत आत पडून असलेलं ग्लुट-४ नावाचं वाहक प्रथिन पृष्ठभागावर येतं आणि ग्लुकोज आत घेतं. टाइप २ मधुमेहात हा निरोप नीट पोहोचत नाही. शरीरात इन्सुलिन असतं, तरीही साखर रक्तातच राहते.

स्नायू आकुंचन पावतो तेव्हा मात्र हेच ग्लुट-४ इन्सुलिनची वाट न बघता वर येतं, आणि हा दुसरा मार्ग मधुमेहातही बराचसा शाबूत असतो. या सगळ्या विषयातली मला सर्वांत दिलासा देणारी गोष्ट ती हीच.

मग नुसतं सावकाश चाललं तर चालत नाही का? चालतं. पण भरभर चालताना मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे जास्त तंतू कामाला लागतात. त्यांच्यात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजचा साठा, खर्च होतं आणि ती साठवण पुन्हा भरेपर्यंत, पुढचे बरेच तास, स्नायू रक्तातून जास्त ग्लुकोज घेत राहतात. अडचण एवढीच की पन्नाशी-साठीतल्या, सवय नसलेल्या माणसाला सलग वीस मिनिटं भरभर चालणं जमत नाही. तीन मिनिटं जमतात. मध्ये दम खाल्ला की आणखी तीन जमतात.

तीन-तीन मिनिटांची ही पद्धत जपानमधल्या मात्सुमोतो शहरातली. तिथल्या शिन्शू विद्यापीठात हिरोशी नोसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी ६३ वर्षांच्या २४६ स्त्री-पुरुषांवर पाच महिने केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आळीपाळीने चालणाऱ्यांच्या मांड्यांची ताकद आणि दमश्वास, दोन्ही सलग मध्यम वेगाने चालणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारले. पुढे कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये हीच पद्धत टाइप २ मधुमेहींवर तपासली. आठवड्यातून पाच दिवस, रोज एक तास, असे चार महिने. दोन्ही गटांनी खर्च केलेली ऊर्जा सारखीच होती, पण आळीपाळीने चालणाऱ्यांची दिवसभराची सरासरी शुगर सुधारली आणि सलग चालणाऱ्यांची सुधारली नाही. या अभ्यासात माणसं थोडी होती, प्रत्येक गटात जेमतेम बारा, हे लक्षात ठेवावं. तरी सारखीच ऊर्जा खर्चून फरक पडला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आधी औषधांची यादी काढा

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. चालण्याने शुगर उतरते, औषधानेही उतरते, आणि दोन्ही एकाच वेळी जोरात लागू पडली तर ती ७० च्या खाली जाऊ शकते.

हा धोका मुख्यतः दोन प्रकारच्या लोकांना असतो: इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना. आपल्याकडे मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकाच गोळीत एकत्र असतात, त्यामुळे 'मी फक्त मेटफॉर्मिन घेतो' असं सांगणारे अनेक जण नकळत दोन्ही घेत असतात. पाकिटावरचं बारीक अक्षर एकदा घरातल्या कुणाकडून वाचून घ्या. नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा लो होत नाही. धोक्याच्या गटात असाल तर चालायला निघण्याआधी बोट टोचून बघा. आकडा ९० च्या खाली असेल तर आधी थोडं खा आणि त्या दिवशी भरभर फेऱ्या करू नका. रात्री जोरात चालल्याचा परिणाम झोपेतही चालू राहतो, म्हणून पहिले काही दिवस झोपण्याआधीही एकदा तपासा.

खिशात ग्लुकोज पावडरची पुडी हवीच. हातपाय थरथरले, दरदरून घाम सुटला, डोकं हलकं वाटलं तर जागच्या जागी थांबा, तीन चहाचे चमचे पावडर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. इथे एक बारीक पण मोलाची गोष्ट आहे. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांना घरातली साखर अशा वेळी लवकर उपयोगी पडत नाही, कारण ही औषधं साखरेचं विघटनच लांबवतात. त्यांनी ग्लुकोजच घ्यायला हवं.

आता हृदय. भरपेट जेवणानंतर पचनासाठी हृदयाला आधीच जास्त काम असतं. अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्यांनी, चालताना छातीत दडपण येणाऱ्यांनी, रक्तदाब ताब्यात नसणाऱ्यांनी डॉक्टरांनी तपासून होकार दिल्याशिवाय भरभर फेऱ्या करू नयेत. सपाटीवर सावकाश चालणं किती करायचं, तेही त्यांनाच विचारावं. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्राव झाला असेल तर आधी नेत्रतज्ज्ञांना विचारा. आणि पाय: तळव्यांना मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल तर गच्चीवर अनवाणी किंवा स्लिपर घालून चालणं बंद. मोजे आणि बूट घाला, परत आल्यावर तळवे बघा, स्वतःला दिसत नसतील तर घरच्यांना बघायला सांगा. ज्या पायाला टोचलेलं कळत नाही, त्या पायाची जखम फार उशिरा लक्षात येते.

शुगर २५० च्या वर असून मळमळ, खूप तहान किंवा अशक्तपणा वाटत असेल, तर त्या दिवशी चालायला न जाता डॉक्टरांना फोन करायचा.

कधी निघायचं

माझं स्पष्ट मत असं की आधी वेळ साधावी, वेग नंतर. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात २०१६ मध्ये ४१ मधुमेहींवर झालेल्या अभ्यासात एकदा लोकांना दिवसातून कधीही ३० मिनिटं चालायला सांगितलं आणि एकदा तीनही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं. एकूण वेळ सारखाच. जेवणानंतर चालले तेव्हा जेवणानंतरचा शुगरचा चढ सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिला, आणि संध्याकाळच्या जेवणानंतरचा २२ टक्क्यांनी. यात भरभर चालण्याची अट नव्हती. नुसती वेळ बदलली होती.

म्हणून दिवसात एकच वेळ काढता येणार असेल तर रात्रीच्या जेवणानंतरची काढा. संध्याकाळच्या जेवणात पिष्ट पदार्थ जास्त असतात आणि पुढे हालचाल जवळपास नसते.

हात धुतले की लगेच भरभर चालायला लागू नका. पोटात दुखेल, आंबट पाणी वर येईल. ताटं उचला, ओटा आवरा, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं उभ्याने जातात. मग निघा आणि पहिली पाच मिनिटं रमतगमत चाला. अशा हिशोबाने पहिली भरभर फेरी जेवण संपल्यावर साधारण १५ ते २० मिनिटांनी येते, म्हणजे शुगर वर चढत असताना. नऊला जेवत असाल तर जेवणच आठ-सव्वाआठवर आणता आलं तर फारच चांगलं, कारण दहा वाजता जोरात चाललं की काहींची झोप उडते.

जेवणाआधीचा पर्यायही तपासलेला आहे. ओटागोमध्येच २०१४ च्या एका छोट्या अभ्यासात, इन्सुलिनला नीट दाद न देणाऱ्या नऊ जणांनी प्रत्येक जेवणाच्या अर्धा तास आधी सहा वेळा एकेक मिनिट चढावर खूप जोरात चालून दाखवलं. नाश्ता आणि रात्रीच्या जेवणानंतरची शुगर त्यामुळे उतरली. जेवणानंतर ज्यांना ॲसिडिटीचा फार त्रास होतो त्यांनी हा मार्ग धरायला हरकत नाही. मात्र ती तीव्रता बरीच होती, आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी जेवणाआधी असं काही स्वतःच्या मनाने करू नये.

भरभर म्हणजे किती

घड्याळ, ॲप, पट्टा काही लागत नाही. भरभर फेरीत तुम्हाला चार-पाच शब्द बोलता यावेत, पण सोबतच्या माणसाला सबंध गोष्ट सांगता येऊ नये. सावकाश फेरीत गप्पा सहज मारता याव्यात. पावलं मोजायची सवय असेल तर मिनिटाला १०० पावलं म्हणजे मध्यम वेग आणि १३० च्या आसपास म्हणजे जोरकस. बहुतेकांची भरभर फेरी या दोहोंच्या मध्ये किंवा वरच्या टोकाला बसते.

नाडीवरून मोजायचं तर २२० मधून वय वजा करा आणि त्याच्या ७० टक्के काढा. ५५ वर्षांच्या माणसासाठी हे मिनिटाला साधारण ११५ ठोके होतात. पण रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल अशा गोळ्या चालू असतील तर हा हिशोब सोडून द्या. त्या नाडी वाढू देत नाहीत, आणि शुगर लो झाल्यावर होणारी धडधडही झाकतात. अशांनी बोलण्याच्या कसोटीवरच विसंबावं.

भरभर चालताना लांब ढांगा टाकण्यापेक्षा पावलं पटापट टाका, हात कोपरात वाकवून हलवा. गुडघ्यांवर ताण कमी येतो.

पहिले सहा आठवडे

पहिल्या आठवड्यात फक्त रात्री जेवल्यानंतर दहा मिनिटं साधं चालायचं. वेळ अंगवळणी पडू द्या. दुसऱ्या आठवड्यात पाच मिनिटं सावकाश चालून मग एक मिनिट भरभर, दोन मिनिटं सावकाश, असं चार वेळा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन मिनिटं भरभर, दोन सावकाश, पुन्हा चार वेळा. पाचव्यापासून तीन-तीन मिनिटांच्या तीन जोड्या. सुरुवातीची पाच मिनिटं धरून हे २३ मिनिटांत होतं. मात्सुमोतोच्या लोकांनी पाच जोड्या किंवा त्याहून जास्त, आठवड्यातून किमान चार दिवस केल्या. तिथवर जायची घाई नाही. एखादी पायरी जड गेली तर त्याच पायरीवर आणखी आठवडाभर थांबा.

हे चार दिवस करा. उरलेल्या तीन दिवशी जेवणानंतर साधी दहा मिनिटं पुरेत, पण ती चुकवू नका, कारण जेवण तर रोजच असतं. शेवटची फेरी संपली की एकदम खुर्चीत बसायचं नाही, दोन-तीन मिनिटं हळू चालत राहायचं. नाहीतर रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना भोवळ येते.

जागेचं कारण बहुतेक वेळा खरं असतं. रस्त्यावर कुत्री, खड्डे, अंधार, आणि पावसाळ्यात चार महिने पाणी. सोसायटीचं पार्किंग, गच्ची, लांब व्हरांडा चालेल. तेही नसेल तर जिना आहे. जपानमध्ये २०१६ च्या एका अभ्यासात टाइप २ मधुमेहींनी जेवणानंतर एका तासाने आणि दोन तासांनी प्रत्येकी तीन मिनिटं जिना चढ-उतार केली, आणि तेवढ्यानेही जेवणानंतरची शुगर उतरलेली दिसली. उतरताना कठडा धरा. गुडघे दुखत असतील तर जिना नको. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं एक मिनिट, मग एक मिनिट जागच्या जागी सावकाश पावलं, अशी आळीपाळी करा. घरात जुनी व्यायामाची सायकल कपडे वाळत घालायला वापरली जात असेल तर गुडघेदुखीवाल्यांसाठी तिच्याइतकं चांगलं साधन नाही.

स्वतःच्या शरीरावर पडताळा घ्या

अभ्यासातली सरासरी तुमच्या बोटाच्या थेंबात तशीच दिसेल असं नाही, म्हणून हे करून बघाच. एकच जेवण ठरवा, उदाहरणार्थ दोन पोळ्या, एक वाटी भात, वरण, भाजी. हेच जेवण त्याच वेळी चार वेगवेगळ्या रात्री घ्या: दोन रात्री न चालता, दोन रात्री फेऱ्या करून. प्रत्येक वेळी पहिला घास घेण्याआधी, मग पहिल्या घासापासून एक तासाने आणि दोन तासांनी तपासा. वेळ पहिल्या घासापासून मोजायची, शेवटच्या नाही. आकडे वहीत लिहा, शेजारी काय खाल्लं आणि किती फेऱ्या झाल्या तेही.

आधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा कापलेल्या, गुळाला लागलेल्या बोटावरचा थेंब साफ खोटा आकडा दाखवतो. शिवाय घरच्या ग्लुकोमीटरला मान्य असलेली चूक १०० च्या वरच्या शुगरला १५ टक्क्यांपर्यंत असते. म्हणजे १८८ चे १८० झाले तर त्यावरून काहीच म्हणता येत नाही. न चाललेल्या दोन्ही रात्री २१० च्या आसपास आणि चाललेल्या दोन्ही रात्री १७० च्या आसपास असेल, तर तो फरक खरा मानायला जागा आहे. दंडावर सतत शुगर मोजणारा सेन्सर लावला असेल तर तो रक्तापेक्षा काही मिनिटं मागे चालतो; चालत असताना सारखा फोन बघू नका, जेवणापासून तीन तासांचा पूर्ण आलेख नंतर बघा.

चालून आल्यावर आकडा उलट चढला तर

काही जणांना हे दिसतं आणि ते घाबरून सगळं सोडून देतात. खूप जोर केला की ॲड्रेनालिनसारखी संप्रेरकं वाढतात आणि यकृत साठवलेलं ग्लुकोज रक्तात सोडतं. हा चढ सहसा तात्पुरता असतो आणि तासा-दोन तासांत उतरतो. जेवणानंतर धावण्याच्या किंवा उड्यांच्या जोरकस व्यायामाचा मी आग्रह धरत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे. असं वारंवार होत असेल तर भरभर फेरीचा वेग एक पायरी खाली आणा आणि दोन तासांनंतरचा आकडा बघून ठरवा. टाइप १ मधुमेहात हा चढ अधिक ठळक असू शकतो, शिवाय जेवणाच्या इन्सुलिनचा हिशोबही जोडीला येतो. त्यांनी ही पद्धत आपल्या डॉक्टरांबरोबर बसूनच आखावी.

दुपारचं काय

कार्यालयात डबा खाऊन फेऱ्या करणं बहुतेकांना जमत नाही. तिथे बसण्यात खंड पाडणं जास्त सोपं आहे. ऑस्ट्रेलियातल्या २०१२ च्या अभ्यासात, वजन जास्त असलेल्या १९ जणांनी दर २० मिनिटांनी उठून फक्त दोन मिनिटं चालल्यावर, सलग बसून राहण्याच्या तुलनेत, गोड पेयानंतरचा शुगरचा चढ पाव हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त कमी राहिला. दर वीस मिनिटांनी उठणं अवघड वाटत असेल तर डबा खाल्ल्यानंतरच्या दोन तासांपुरतं तरी दर अर्ध्या तासाने उठा. फोन उभ्याने घ्या, पाणी दुसऱ्या मजल्यावरून आणा.

वही घेऊन डॉक्टरांकडे

सहा-आठ आठवड्यांनी वहीतले आकडे घेऊन जा. जेवणानंतरची शुगर सातत्याने उतरली असेल, किंवा मधूनमधून ८०-८५ दिसत असेल, तर रात्रीच्या गोळीचा किंवा इन्सुलिनचा डोस बदलायचा का हे ते ठरवतील. तो स्वतः कमी करू नका, आणि चालणं सुरू आहे म्हणून गोळी चुकवूही नका. एचबीएवनसी तीन महिने पूर्ण झाल्यावरच तपासा. त्याआधी केलेल्या तपासणीत नवा बदल अर्धवटच उतरलेला असतो.